छायाचित्रातली छाया

जंगलात जाऊन प्राण्यांची छायाचित्रे काढण्याची हौस आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत आता चांगलीच रुजली आहे. ज्या घरांतून पूर्वी दिवाळीच्या सुटीत ओंकारेश्वर-महेश्वर व्हावयाचे, त्या घरांतली मुले आता कान्हा, पेंच, सातपुडा, बांधवगड असा फेरा करतात आणि परत येताना दोन-तीन हजार चित्रे घेऊन येतात. ही हौस चांगली आहे, याबद्दल मला शंका नाही. ज्यांच्या पणजोबांच्या बैठकीत वाघाचे कातडे भिंतीवर टांगलेले असे, त्यांच्या पणतवंडांनी तेथे वाघाचे चित्र टांगावे, ही सुधारणाच म्हणावयाची. माझी तक्रार निराळी आहे. ही चित्रे घरी आल्यावर संगणकावर त्यांच्यावर जे संस्कार होतात, त्यांत सावलीचे जे हाल चालले आहेत, त्यांविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. आपल्याच शहरातले एक प्रदर्शन पाहिल्यापासून तर राहवेना.

हल्ली दोन तऱ्हा दिसतात. पहिली अशी की, सावली दिसली रे दिसली की ती उजळावयाची. झाडाखाली बसलेल्या वाघाच्या पोटाखालची सावली, कपारीतली सावली, बांबूच्या बेटातली सावली, सगळी उचलून वर आणावयाची. अशा चित्रात प्रत्येक पान मोजून घ्यावे इतके स्पष्ट दिसते. दिसत नाही ती फक्त वेळ. सकाळी सहाला काढलेले आणि दुपारी बाराला काढलेले चित्र शेजारी शेजारी ठेवले तर कोणते कोणते हे सांगता येत नाही. दुसरी तऱ्हा नेमकी उलटी. प्राण्याचा चेहरा तेवढा ठेवावयाचा आणि बाकी सारे शाईत बुडवावयाचे. वाघ जणू एखाद्या स्टुडिओत काळ्या मखमलीच्या पडद्यापुढे येऊन बसला आहे! मी पाहिलेल्या प्रदर्शनात चाळीसेक चित्रे असतील. त्यांपैकी निम्म्याहून अधिक या मखमली जातीची होती, आणि उरलेल्यांत पहिल्या जातीचा भरणा होता. वरवर पाहता या दोन तऱ्हा एकमेकींच्या वैरिणी आहेत. परंतु मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. रानातल्या काळोखाला स्वतःचे काही सांगावयाचे असते, हे दोघींनाही मान्य नाही.

ज्यांनी हा उद्योग कधी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. कॅमेरा जी मूळ नोंद करतो तिला रॉ फाईल म्हणतात. जुन्या भाषेत बोलावयाचे तर ती निगेटिव्ह. ती जशीच्या तशी पाहण्याजोगी नसते. तिच्यावरून चित्र उतरवून घ्यावे लागते. त्यासाठी लाइटरूमसारखी जी साधने आहेत, त्यांत अंधाऱ्या भागासाठी दोन स्वतंत्र सरकपट्ट्या असतात. एकीचे नाव शॅडोज, दुसरीचे ब्लॅक्स. नवशिके या दोहोंना एकच समजतात आणि तेथेच घोटाळा होतो. शॅडोज म्हणजे सावलीचा तो पट्टा, ज्यात अजून काही तरी दिसते आहे: खोडाची साल, अस्वलाच्या मानेवरचे केस, गव्याच्या पोटाखालचे गवत. ब्लॅक्स म्हणजे चित्राचा तळ. कोठून खाली निखळ काळे मानावयाचे, ती रेघ. सावलीतला तपशील पाहिजे असेल तर पहिली पट्टी थोडी वर न्यावी आणि दुसरी आहे तेथेच, किंवा किंचित खाली ठेवावी. मग तपशीलही येतो आणि चित्राला बूडही राहते. पुष्कळजण दोन्ही पट्ट्या एकदम वर ढकलतात. अशाने तळच उचलला जातो आणि सबंध चित्र धुऊन धुऊन विटलेल्या काळ्या टोपीसारखे दिसू लागते. ऑल्ट ही कळ दाबून धरून ब्लॅक्सची पट्टी हलविली, तर कोठे कोठे तळ गाठला गेला आहे ते पडद्यावर दिसते. इतकी सोय हाताशी असताना ती कोणी वापरीत नाही, याचे मला नवल वाटते.

सावली उचलण्यालाही मर्यादा असते आणि ती यंत्राच्या स्वभावातच आहे. चौदा बिटांच्या फाईलीत उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात. त्यांपैकी निम्म्या, म्हणजे 8,192, सर्वांत उजळ टप्प्याच्या वाट्याला जातात. पुढच्या, म्हणजे निम्म्या उजेडाच्या टप्प्याला त्याच्या निम्म्या. असे खाली खाली येता दहाव्या टप्प्याला अवघ्या सोळा उरतात. त्यातून पहाटेच्या रानात आय.एस.ओ. 3200 वा त्याहूनही वर नेल्यावाचून चित्र निघत नाही, म्हणजे मुळात उजेडच थोडा पोचलेला असतो आणि यंत्राची आपली खरखर त्यात मिसळलेली असते. रेडिओवर लांबचे स्टेशन लावून आवाज वाढविला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे. सावली फार वर आणली की तिच्यात लाल-हिरवे दाणे दिसू लागतात आणि काळ्या केसांवर जांभळट झाक येते. हे दाणे पुसून टाकणारी साधनेही आता निघाली आहेत, आणि ती चांगली आहेत. परंतु दाण्यांबरोबर कातडीचा पोतही पुसला जाऊन वाघ मेणाचा दिसावयास लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सावलीशी ही झटापट काही संगणकाने आणलेली नाही. आपल्या इंदुराला तर तिचा फार जुना परिचय आहे. राजा दीनदयाळ हे रुडकीहून शिकून येथे बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते निजामाच्या पदरी गेले आणि मोठे झाले, तरी त्यांची सुरुवात आपल्या गावची. त्या काळच्या काचा निळ्या उजेडाला तत्पर आणि तांबड्या-नारिंगीला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे उतरे आणि नारिंगी रंग गडद होऊन बसे. जुन्या शिकारीच्या चित्रांत मारलेला वाघ पुष्कळदा मळक्या घोंगडीसारखा दिसतो आणि पट्टे अंगात बुडालेले असतात, त्याचे एक कारण हे आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असली चित्रे असतील त्यांनी ती एकदा काढून पाहावीत. चित्रकाराने तेथे काळोख घातलेला नाही. त्याच्या काचेला जेवढे दिसले तेवढेच तिने सांगितले.

पुढे संयुक्त प्रांतातल्या जंगल खात्याचे अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदूक बाजूला ठेवून वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तारेला लागला की दिव्याचा भपका उडे आणि चित्र निघे. त्यांचे व्याघ्रभूमीतल्या कॅमेऱ्यावरचे पुस्तक 1927 साली निघाले, आणि त्यानंतरच्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी रानातले ऊन आणि सावली या दोहोंना जागा दिली. चॅम्पियनसाहेबांच्या रात्रीच्या चित्रांत वाघाच्या पाठीमागे काळोख आहे, आणि तो अगदी गडद आहे. परंतु तो खरा काळोख आहे. भपक्याचा उजेड जेथवर पोचला तेथवर रान दिसते, त्यापुढे रात्र सुरू होते. माझा वाद काळ्या रंगाशी नाही, हे त्यावरून वाचकांच्या ध्यानात येईल. काळोख कोठून आला, हा माझा प्रश्न आहे.

डार्करूमच्या दिवसांतही हात चालतच असत. एन्लार्जरखाली कागद ठेवून तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने चेहऱ्यावरचा उजेड चार सेकंद अडवावयाचा, म्हणजे चेहरा उजळ उतरे. ओंजळीतून आभाळावर जास्त उजेड सोडावयाचा, म्हणजे ढग उठून दिसत. मी स्वतः तोंडाने आकडे मोजीत हे पुष्कळ केले आहे. तेव्हा 'मूळ चित्राला हात लावू नये' असा सोवळेपणा मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेतले अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह 1940 च्या आसपास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची जी उतरंड बसविली, तिच्यात तळाचा निखळ काळा निराळा आणि पोत दिसू शकेल असा गडद निराळा, ही विभागणी अगदी स्पष्ट आहे. आजच्या शॅडोज आणि ब्लॅक्स या दोन पट्ट्या त्याच विचाराची नातवंडे आहेत. फिल्मच्या काळात सावलीला पुरेल इतका उजेड द्यावा आणि उजळ भाग धुताना सांभाळावा, असा शिरस्ता होता. डिजिटल कॅमेऱ्यात तो उलटला आहे. येथे उजळ भाग एकदा जळाला की गेलाच. म्हणून शहाणा माणूस चित्र जरासे काळसर घेतो आणि सावली मागाहून वर काढतो. म्हणजे सावली उचलणे हे या यंत्राबरोबर आलेलेच काम आहे. ते करावे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही; कोठे थांबावे एवढाच उद्भवतो.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी मुलीचे चित्र स्थळाकडे पाठवावयाचे असले की स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल फिरवीत. निगेटिव्हवर जेथे शिसे चढे तेथे कागदावर रंग उजळे. सावळी मुलगी चित्रात गोरीपान होऊन जाई आणि पुढे 'दाखविण्या'च्या दिवशी सगळ्यांचीच पंचाईत होई. सावळेपणाला विठोबाच्या मूर्तीत डोक्यावर घ्यावयाचे आणि घरच्या लेकीच्या तोंडावरून पुसावयाचे, ही आपली जुनी खोड. अस्वलाच्या चित्रातली सावली धुऊन काढणाऱ्या तरुणांकडे पाहिले की मला ती शिसपेन्सिल आठवते.

आता रानाकडेच वळू. कान्ह्याच्या सालवनात पहाटे शिरलेल्या माणसाला ठाऊक आहे की, मैदानावर उजाडलेले असते तेव्हाही झाडांच्या आत रात्र रेंगाळत असते. गवतावर धुके, त्यावर कोवळे ऊन, आणि पन्नास पावलांवर सालांच्या खोडांमागे गडद अंधार. सावली उजळणारे लोक म्हणतात, 'डोळ्याला तर त्या अंधारातही दिसत होते. कॅमेऱ्याला दिसले नाही, म्हणून आम्ही ते दाखवितो.' या म्हणण्यात तथ्य आहे. डोळा जेथे वळतो तेथल्या उजेडाशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला उन्हातले गवत आणि सावलीतले खोड एकाच क्षणी पकडावयाचे असते. परंतु डोळ्याला सावलीत दिसते ते सावली म्हणूनच दिसते. तेथे चितळ उभे आहे हे कळते, आणि ते अंधारात उभे आहे हेही त्याच वेळी कळते. त्याच्या अंगावरचे ठिपके मोजता येत नाहीत. शिवाय अगदी मंद उजेडात आपला डोळा रंग जवळजवळ टाकूनच देतो. तिन्हीसांजेला तांबडा-नारिंगी आधी विझतो, निळसर-हिरवा मागे राहतो. तिन्हीसांजेच्या चित्रातली सावली उचलून तिच्यातला वाघ झेंडूच्या फुलासारखा नारिंगी केला, तर तेथे बसलेल्या कोणालाही जे दिसले नाही ते आपण दाखवीत असतो. आणि तो वाघ हरणाला तर कधीच तसा दिसत नाही! हरणाच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा भेद करता येत नाही. वाघाचे पट्टे ही त्याने अंगावर पांघरलेली सावलीच आहे. तिच्या जोरावर तो पोट भरतो. सावली पुसून टाकल्यावर एवढे मोठे जनावर हरणाच्या दृष्टीस कसे पडत नाही, हे लहान मुलाला चित्रावरून कसे समजावून सांगणार?

काळ्या प्राण्यांच्या बाबतीत कसोटी अधिकच लागते. अस्वल घ्या. कॅमेऱ्याचे मोजमाप जगातली प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी आहे असे धरून चालते; चौकट भरून अस्वल आले की ते त्याला राखाडी करू पाहते. म्हणून काळ्या जनावराला उजेड थोडा कमी द्यावा लागतो, नाही तर घरी येते ते चित्र रस्त्याच्या धुळीत लोळलेल्या कुत्र्याचे वाटते. परंतु तेच अस्वल मागाहून पार काळे करून टाकले तर केसांची झुलपे जातात, छातीवरची पांढरी खूण तेवढी हवेत तरंगत राहते. गव्याची गोष्ट अशीच. दुरून तो काळा ठोकळा वाटतो. पण तिरप्या उन्हात त्याच्या खांद्यावर आणि पाठीच्या कण्यावर तपकिरी तुकतुकी असते, आणि खाली पांढरे मोजे. ती तुकतुकी राखली तर त्याचे वजन जाणवते. आपल्या तारेवर बसणारा कोतवाल सगळ्यांना काळाच वाटतो. त्याच्या पंखावरची निळी झळक सावलीच्या पट्टीत अर्धा बोट इकडे-तिकडे झाले की नाहीशी होते. शाजापूरकडच्या शेतांतला काळवीट तर छायाचित्रकाराची परीक्षाच पाहतो. वर काळाभोर, खाली पांढराशुभ्र. पांढरे सांभाळावे तर काळे बुडते, काळे उचलावे तर पांढरे फटफटते. आणि दोन्ही साधले तर एकाच प्राण्यावर ऊन-सावलीचा सबंध पाठ मिळतो.

काळा बिबट्या हा या सगळ्यांचा मुकुटमणी. कर्नाटकातल्या काबिनीच्या काळ्या बिबट्याची चित्रे आता जगभर गेली आहेत. तो खरे म्हणजे निखळ काळा नसतो. त्याच्या कातडीवर बिबट्याची सगळी फुले असतात. तिरपा उजेड पडला म्हणजे ती काळ्यावर काळी अशी उमटतात, काळ्या पैठणीवरच्या काळ्या बुट्ट्यांसारखी. ब्लॅक्सची पट्टी खाली ओढली की फुले बुडाली आणि तो नुसता कोळशाचा ढिगारा झाला. शॅडोज वर ढकलली की फुले दिसू लागली, पण बिबट्या काळा न राहता चॉकलेटी झाला. या दोन टोकांच्या मध्ये एक अगदी चिंचोळी जागा आहे. तेथे तो काळाही राहतो आणि बिबट्याही राहतो. ती जागा ज्याला सापडते त्याला मी छायाचित्रकार म्हणेन. ख्यालात खर्जाचे स्वर लावणाऱ्याचे असेच असते. स्वर ऐकू यावयास हवा, पण तो खालचाच राहावयास हवा. वर ओढून मध्यसप्तकात आणलात तर खर्ज लावलाच कशाला?

आता त्या मखमली तऱ्हेकडे येतो, कारण तिचा उपद्रव मला अधिक मोठा वाटतो. सावली उजळणारा माणूस फार तर अरसिक ठरेल. पार्श्वभूमी काळी करणारा काही तरी लपवीत असतो. 2021 पासून लाइटरूममध्ये अशी सोय आली आहे की, एक कळ दाबताच यंत्र स्वतःच प्राणी ओळखून त्याभोवती कुंपण घालते. मग कुंपणाबाहेरचे सगळे एका हातासरशी काळे करता येते. पूर्वी ज्या कामाला निष्णात कारागिराची दुपार जाई ते आता चहा निवण्याच्या आत होते. बाहेर काय असते? कधी पिवळे गवत असते, कधी सुकलेला नाला. आणि पुष्कळदा दहा-बारा जिप्स्या असतात, त्यांत उभी राहिलेली, हात लांब केलेली माणसे असतात. वाघीण रस्ता ओलांडीत असते आणि दोन्ही बाजूंनी रस्ता अडलेला असतो. चित्रात ती घनदाट काळोखातून एकटीच चालत येते. भिंतीवरचे ते चित्र पाहून जो माणूस जंगलात जातो, तो तसाच एकान्त मागतो आणि तो मिळाला नाही म्हणजे गाडीवानाला गाडी आणखी पुढे घ्यावयास सांगतो. ज्यांनी ती गर्दी काळ्या रंगाखाली पुरली, त्यांचा या प्रकारात काहीच हात नाही असे मला म्हणवत नाही.

गर्दी नसली तरी पार्श्वभूमीत पुष्कळ सांगण्यासारखे असते. आपल्या जंगलांतल्या कित्येक सावल्या आता साल-सागाच्या राहिलेल्या नाहीत. त्या घाणेरीच्या जाळ्यांच्या आहेत. हे झुडूप अमेरिकेतून आले, आणि ते माजले की त्याखाली हरणांच्या चाऱ्याचे गवत वाढत नाही. वाघाच्या पाठीमागचा तो गर्द पट्टा घाणेरीचा आहे की बांबूचा, हे चित्रात दिसत असेल तर जाणत्या माणसाला त्या रानाची प्रकृती कळते. काळे फासले की नाडीच हाती लागत नाही. तीच गोष्ट पट्ट्यांची. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेही निराळे. त्यांच्यावरूनच जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांतून वाघ ओळखले जातात. 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3,682 आणि आपल्या मध्य प्रदेशात 785 वाघ आले, ते याच ओळखीच्या आधारावर. हौशी माणसाने काढलेले चांगले चित्रही एखाद्या वाघिणीचा ठावठिकाणा सांगू शकते. पण कुशीकडचे पट्टे नाटकीपणाच्या हौसेने अंधारात विरघळवून टाकले तर ते चित्र त्या कामाचे राहत नाही.

हा विचार माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेला नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तचित्रांच्या जागतिक स्पर्धेत 2015 साली शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्या चित्रांपैकी सुमारे वीस टक्के बाद करावी लागली. काहींत वस्तू पुसल्या होत्या. आणि काहींत भाग इतके काळे केले होते की तेथल्या वस्तू चित्रातून नाहीशाच झाल्या होत्या. काळे करणे हेसुद्धा पुसणेच आहे, असा निवाडा त्या पंचांनी दिला, आणि मला तो सोळा आणे पटतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धाही शेवटच्या फेरीत आलेल्यांकडून रॉ फाईल मागवून घेते.

'आम्ही कलावंत आहोत, वार्ताहर नव्हे,' असे यावर मला ऐकविण्यात आले आहे. कलेच्या नावाने बोलावयाचे तर मग चित्रकारांनाच विचारू या. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकून ज्या गावातून बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर, डी. जे. जोशी बाहेर पडले, त्या गावात सावलीविषयी मी काय सांगावे? उन्हातल्या झाडाखालची सावली निळसर असते, मातीच्या भिंतीची सावली तांबूस असते, हे निसर्गचित्र रंगविणारा पहिल्या वर्षीच शिकतो. सावलीच्या जागी नुसता काळा थापणे हे चित्रकलेच्या वर्गात आळसाचे लक्षण समजत. आणि ज्याला खरोखरच कल्पनेचा वाघ रंगवावयाचा आहे त्याने तो खुशाल रंगवावा. पण त्याखाली 'कान्हा, सकाळी साडेसहा' असे लिहू नये. तेवढी चिठ्ठी काढून टाकली की माझे काही म्हणणे नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावयास हवी. चित्र कोठे छापावयाचे यावर सावलीचे गणित बदलते. आपल्या या वर्तमानपत्राच्याच कागदाचे घ्या. त्यावर शाई पसरते, बारीक ठिपके फुगून एकमेकांना चिकटतात आणि सगळी सावली भरून जाते. म्हणून वर्तमानपत्रासाठी चित्र तयार करताना सावली नेहमीपेक्षा वर न्यावीच लागते. नाही तर वाचकांना अस्वलाऐवजी डाग दिसेल. पडद्यावर मात्र चित्र पाठीमागून उजळते, तेव्हा तेच चित्र बेताल पांढुरके वाटेल. चकचकीत कागदावर काळा खोल उतरतो, खरखरीत कागदावर तितका उतरत नाही. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून केलेले काम थेट भिंतीवर टांगू नये. एक लहान प्रत छापून घ्यावी, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून पाहावी, आणि मग पट्टी हलवावी. पट्टी हलविण्यापूर्वी त्या सकाळचे स्मरण करावे: ऊन कोणत्या बाजूने होते, प्राणी दिसण्यापूर्वी त्याची चाहूल लागली होती का, तो ओळखावयास आपल्याला किती वेळ लागला. ज्या वाघाला सावलीतून शोधून काढावयास गाडीतल्या सहा जणांना पाच मिनिटे लागली, तो चित्रात पाहणाऱ्याला निदान पाच सेकंद तरी शोधू द्यावा.

पुढील प्रदर्शन भरविणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना आहे. प्रत्येक चित्राच्या खाली, पोस्टकार्डाएवढ्या आकारात, कॅमेऱ्यातून आले तसे मूळ चित्रही लावावे. यात कोणाची फजिती करण्याचा हेतू नाही. रॉ फाईल निस्तेज असते हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातून या माणसाने काय काढले आणि काय टाकले, हे पाहण्यात रसिकांना मोठी गंमत वाटेल आणि शाळेतल्या मुलांना शिकावयासही मिळेल. ज्याला मूळ चित्र लावण्याचा संकोच वाटेल त्याने तसे सांगावे, त्याचे चित्र निराळ्या दालनात 'कल्पनाचित्रे' म्हणून लावावे आणि त्यालाही एक बक्षीस ठेवावे. मात्र दिव्यांची सोय आधी पाहून घ्यावी. गेल्या खेपेला दालनातली ट्यूबलाइट समोरच्याच काचांवर पडत होती. गर्द सावलीतल्या एका चांगल्या अस्वलापुढे मी बराच वेळ उभा होतो आणि त्यात मला अस्वलाच्या जागी माझा चष्मा आणि पाठीमागचे चहाचे टेबल दिसत होते.